मागच्या चाकाजवळचा डाग

आमच्या घरात गाडी आली ती बाबांची कंपनी बंद पडली म्हणून. इतरांकडे कंपनी चालू असताना गाड्या येतात. आमच्याकडे क्रम उलटा झाला, त्यामुळे बिल्डिंगमध्ये बरेच महिने असा समज होता की बाबांना मालकानं काहीतरी घसघशीत देऊन घरी पाठवलंय. प्रत्यक्षात मालकानं फाटकाला कुलूप लावलं होतं आणि तेही कुणाला न सांगता. बाबा कोलशेतला रेझिनच्या कारखान्यात सुपरवायझर होते. रेझिन म्हणजे रंगात घालायचा राळेसारखा चिकट पदार्थ, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. बाबांच्या शर्टाला त्याचा गोडसर, डोकं धरायला लावणारा वास यायचा. कंपनी बंद झाल्यावर तो हळूहळू धुऊन गेला. एकदा कपडे वाळत घालताना आईनं बाबांचा शर्ट नाकाशी धरलेला मी पाहिला. नोकरी होती तोवर ती रोज त्या वासाच्या नावानं बोटं मोडायची.

डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. तिथली सकाळ आवाजांनीच सांगावी लागेल. वरच्या दामल्यांकडची पेटी, शेजारचा कुकर, पाण्याच्या पंपाची घरघर, आणि या सगळ्याच्या खाली दाढी करताना बाबांचं घसा खाकरणं. कंपनी बंद पडली तरी बाबा ठरल्या वेळी उठत, दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत, आणि मग त्या शर्टात दिवसभर खुर्चीत बसून राहत. आई त्यांचा डबा भरायची. पोळीभाजी डब्यात घालून झाकण लावायची, आणि दुपारी बाबा तो डबा घरातच, खुर्चीत बसून उघडायचे. ताटात वाढलेलं त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. आम्ही दोघी यावर कधी काही बोललो नाही. आमच्या घरात न बोलण्याला फार मान होता, आणि पुढे जे घडलं त्यात निम्मा वाटा त्याचाच आहे.

तर गाडी. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सरकारी दवाखान्याची जीप चालवायचे. त्यांना मुलगा होता, माझा मामा, पण मामाला गाडीत बसलं की उलटी व्हायची. म्हणून आजोबांनी आपली विद्या मुलीला दिली. आईकडे लग्नाआधीपासून लायसन्स होतं. हे सासरी बोलू नकोस असं आजीनं बजावलं होतं, आणि आईनं ते इतकं मनावर घेतलं की बाबांना ते कळलं तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. लायसन्सची मुदत संपली तेव्हा ती ते पुन्हा करून घ्यायला कल्याणला निघाली होती, आणि कुठे निघालीस या साध्या प्रश्नाला तिला ऐनवेळी खोटं सुचलं नाही. बाबा त्यावर एवढंच म्हणाले होते, "बरं. येताना भाजी आण."

मामानं पुढे विठ्ठलवाडीला दुकान टाकलं ते गाड्यांच्या सुट्या भागांचं. ज्याला गाडी सोसत नाही त्याचं आयुष्य गाड्यांच्या पोटातली आतडी विकण्यात गेलं. कंपनी बंद पडल्यावर त्यानंच कुठूनतरी एक जुनी पांढरी गाडी मिळवली, डाव्या बाजूला क्लच आणि ब्रेकची जादा जोडी बसवून घेतली आणि आईला म्हणाला, "ताई, तू शिकव. बायकांना शिकवायला बाई हवी असते, पण सगळीकडे मिशावालेच आहेत." आई हो म्हणाली. बाबांना विचारलं तेव्हा तेही हो म्हणाले, कारण नाही म्हणायला जी नोकरी लागते ती त्यांच्याकडे नव्हती. पाटी मात्र त्यांनी स्वतः रंगवली. लाल ऑइलपेंटमध्ये वर 'मोटार ट्रेनिंग', त्याखाली 'फक्त महिलांसाठी', आणि सगळ्यात खाली 'व्यवस्थापक' असं लिहून पुढे स्वतःचं नाव. आईचं नाव पाटीवर नव्हतं. आईनं पाटी पाहिली आणि अक्षर छान आलंय म्हणाली.

व्यवस्थापक पहिले काही आठवडे मागच्या सीटवर बसायचे. बायका एकट्या जाणार, कुणीतरी माणूस बरोबर असावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे दोन बायका, दोघींच्या पायाशी ब्रेक, आणि मागे इस्त्रीच्या शर्टातला हा माणूस "क्लच, क्लच" असं पुटपुटतोय. शिकणाऱ्या बायका घाबरून जायच्या. एका बाईंनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं, की ते परीक्षा घेणारे साहेब आहेत का. तेव्हा आईनं मोठ्या युक्तीनं बाबांना गाडीतून उतरवलं. ती म्हणाली, "अहो, मला रोज सकाळी गाडी तपासायला वेळ होत नाही. पाणी, ऑइल, टायरमधली हवा. तुमच्यासारखं बारीक लक्ष कुणाचं आहे?" बाबांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभे राहू लागले. येणारेजाणारे विचारायचे, "काय सुधाकरराव, काय झालं?" बाबा म्हणायचे, "काही नाही, इन्स्पेक्शन." त्या एका शब्दासाठी ते अंथरुणातून उठत होते हे आईला माहीत होतं, म्हणून तिनं पुन्हा कधी बॉनेट उघडलं नाही. आज वाटतं, तिनं अधूनमधून उघडायला हवं होतं. पण तेव्हा गाडीपेक्षा बाबा जास्त नादुरुस्त होते.

एका रविवारी मामाकडे सत्यनारायण होता. आई आणि मी गेलो. बाबा पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिले. संध्याकाळी आम्ही शिरा घेऊन परत आलो तर बाबा फार प्रसन्न दिसत होते आणि त्यांनी तो शिरा वाटीभर खाल्ला. बिघडलेलं पोट इतक्या लवकर कसं सुधारलं हे आईनं विचारलं नाही. गाडी बाहेर तिच्या जागेवर उभी होती. मी जाताना पाहिली होती तशीच, फक्त जरा जास्त धुतलेली.

सोमवारी सकाळी गाडीखाली डाग दिसला.

डोंबिवलीबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की जमिनीवरच्या रंगीत डागाचं आमच्या गावात कुणाला काही वाटत नाही. औद्योगिक वसाहतीजवळचं गटार एका आठवड्यात हिरवं तर दुसऱ्या आठवड्यात गुलाबी वाहायचं आणि आम्ही शाळेला जाताना आजचा रंग कोणता यावर पैज लावायचो. पण बाबा त्या डागापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग घरात येऊन त्यांनी आईला सांगितलं, की रेडिएटरमधून थोडं पाणी जातंय, काळजीचं कारण नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक भोकं बुजतात. हे खरं आहे. जुने ड्रायव्हर असं करायचे. बाबांनी मात्र चिमूटभर न टाकता डबाच रिकामा केला. त्या दिवशीची आमटी पांढरी झाली आणि बटाट्याची भाजी आजाऱ्यासारखी दिसत होती. बाबांनी डब्याचं झाकण उघडलं, भाजीकडे पाहिलं आणि डबा संपवला.

डाग काही थांबला नाही, कारण तो पाण्याचा नव्हताच. तो काळा होता आणि बोटाला चिकटत होता. मग बाबा मामाच्या दुकानातून दोन पुड्यांची पुटी घेऊन आले, जी एकमेकीत मळून लावली की दगडासारखी घट्ट होते. जुन्या चादरीवर पाठ टेकून ते गाडीखाली सरकले आणि इंजिनाच्या तळाशी जिथून ऑइल ठिबकत होतं तिथे ती थापली. तासाभरानं बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट संपला होता. पण ठिबकणं थांबलं. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "झालं. बारीकसा वायसर ढिला होता." आई म्हणाली, "हो का?" या दोन अक्षरांत किती माहिती भरलेली असू शकते हे मला पुढे माझ्या संसारात कळलं.

राहता राहिला मागच्या चाकाजवळचा डाग. तो लहान होता, जवळजवळ पाण्याच्या रंगाचा, आणि पुढच्या डागाशी त्याचा काही संबंध असेल असं बाबांना वाटलं नाही. इंजिन पुढे असतं, मागे कशाला काय गळेल? त्यांनी त्याचा गुन्हेगार पक्का केला. वरच्या दामल्यांकडे मोती नावाचं एक म्हातारं पॉमेरियन होतं. दोन सकाळी डाग पाहिल्यावर बाबा जिन्यात दामल्यांना गाठून म्हणाले, "तुमचा मोती आमच्या गाडीवर पाय वर करतो."

दामले निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "मोतीला गेले वर्षभर पाय वर करता येत नाही. त्याला संधिवात आहे."

"मग कोण करतं?"

"ते मी कसं सांगणार? बिल्डिंगमध्ये पुष्कळ लोक राहतात."

यावरून दोन दिवस वरची पेटी जरा जास्तच जोरात वाजली. बाबांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. घरातल्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण, ज्यावर गुलाबाची फुलं रंगवलेली होती, ते त्यांनी रात्री मागच्या चाकाशी ठेवलं. मोती येईल, झाकण ओलं होईल, आणि ते झाकण घेऊन दामल्यांच्या दारात उभं राहायचं, असा बेत. एखाद्या वकिलाला शोभावा असा तो बेत होता, आणि तो पूर्णपणे यशस्वी झाला. सकाळी झाकणात चमचाभर काहीतरी साचलं होतं.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीतले कारखाने बंद असायचे, रस्ते मोकळे मिळायचे, म्हणून आई नव्या बायकांना त्या बाजूला न्यायची. ती मोकलकाकूंना घेऊन नुकतीच निघाली होती. मोकलकाकू खाडीकाठच्या जुन्या गावातल्या. जमिनी जाऊन पैसा आल्यावर त्यांच्या मुलांनी दारात गाडी आणून उभी केली होती, पण काकूंना तिला हात लावू देत नव्हते. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या काकू, अंगावर भरपूर सोनं आणि पदर कमरेला खोचलेला, रोज रिक्षा करून आईकडे शिकायला येत.

बाबा झाकण घेऊन घरात आले, दामल्यांकडे जाण्याआधी एकदा उजेडात पाहून घ्यावं म्हणून. आणि खिडकीपाशी उभे राहिले. झाकणावरची गुलाबाची फुलं सुरकुतली होती. रंग पत्र्यावरून सुटून सायीसारखा वर आला होता. बाबांनी त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग नळाखाली बोट धरलं. ते लगेच स्वच्छ झालं.

"मंजू," ते म्हणाले, "हे तेल नाही. तेल पाण्यानं जात नाही."

"मग मोतीच."

"कुत्रं रंग उचलत नाही गं. हे ग्लायकॉलसारखं आहे. आमच्या प्लँटमध्ये पिंपानं यायचं." त्यांनी झाकण नाकाशी नेलं. वर्षानुवर्षं शर्टाला चिकटलेला तो गोडसर वास त्यांनी आत ओढून घेतला असावा. "रेडिएटरमध्ये आपलं नळाचं पाणी आणि हळद. मग गाडीत असलं दुसरं काय असतं? ब्रेकमध्ये असतं. हा ब्रेकचा डाग आहे."

मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी बाहेर नाही.

एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी अशा अवस्थेत बाबा रस्त्यावर आले आणि त्यांनी पहिल्याच रिक्षापुढे हात पसरले. मीही मागोमाग आत चढले. रिक्षावाल्यानं विचारलं कुठे, तर बाबा म्हणाले, "वसाहतीत. पांढरी गाडी शोधायची. वर शिकाऊची पाटी." मोबाइल नव्हते. असते तर हे प्रकरण दोन मिनिटांत संपलं असतं आणि मला लिहायला काही उरलं नसतं. आता माझ्या मुलाच्या गाडीत टायरची हवा कमी झाली तरी दिवा लागतो आणि एक बाई इंग्रजीत बोलते. आमच्या गाडीतही बहुधा एखादा दिवा असेल, पण लागणारे दिवे गाडी मामाकडे येण्याआधीच विकले गेले असावेत.

रिक्षात मी विचारलं, "पण ब्रेकचं ऑइल गळेल कसं?" बाबा बाहेर बघत होते. मग सांगायला लागले, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. त्या रविवारी कंपनीच्या फाटकावर सगळ्या जुन्या कामगारांची सभा होती. बाबांनी आयुष्यभर गाडी चालवली नव्हती, पण मागच्या सीटवरून इतकी पाहिली होती की ती आपल्याला येते असं त्यांना वाटत होतं. आणि आश्चर्य म्हणजे आली. शिळफाटा, मुंब्रा, कळवा असं करत ते ठाण्यात पोचले. माजिवड्याला वळताना चार जणांनी शिव्या दिल्या, पण त्या चालकाला दिलेल्या शिव्या होत्या. कोलशेतला कंपनीचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवला होता. फाटकापाशी चाळीसेक माणसं उभी, त्यातली निम्मी बाबांच्या हाताखाली काम केलेली. त्यांच्या डोळ्यांदेखत आपण चालत कसं जायचं? बाबांनी गाडी त्या खणलेल्या मातीवरून पुढे काढली. मध्ये एक दगड होता.

"आवाज कसा आला सांगू? भांडं घासल्यासारखा. पुढून मागेपर्यंत. मग गाडी अडकली, चाकं हवेत."

"मग?"

"मग काय, सगळ्यांनी मिळून उचलली. सभा राहिली बाजूला. म्हणाले, साहेब, कंपनी काही आपल्याला उचलता आली नाही, निदान तुमची गाडी तरी."

रिक्षावाला आरशातून ऐकत होता. तो म्हणाला, "काका, हे घरी तेव्हाच बोलून टाकायला पाहिजे होतं."

"तुम्ही पुढे बघा," बाबा म्हणाले.

वसाहतीतले रस्ते त्या दिवशी अगदी रिकामे होते. एरवी कान किटवणारे कारखाने गप्प, आणि त्या शांततेत फक्त आमच्या रिक्षाचा फटफटाट. बाबा प्रत्येक वळणावर पुढे वाकायचे आणि काही दिसलं नाही की मागे टेकायचे. त्यांचा अनवाणी पाय सारखा रिक्षाच्या पत्र्यावर दाबला जात होता. एका उतारावरून खाली जाताना मला ती दिसली. पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला वाळूच्या ढिगात तोंड खुपसून उभी होती. दारं उघडी. आत कुणी नव्हतं. बाबांच्या तोंडून आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. रिक्षा थांबायच्या आतच ते उतरले आणि पडले, आणि उठून धावले.

ढिगाच्या पलीकडे सावलीत आई आणि मोकलकाकू फतकल मारून बसल्या होत्या. मध्ये फडक्यावर तांदळाची भाकरी आणि सुकट. काकूंनी वर पाहिलं. "बसा भाऊ. भाकर खा. काय झाला तुमचे पायाला?"

बाबा आईकडे बघत राहिले. आई भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. तो तिनं तोंडात घातला नव्हता. हे फक्त मला आणि बाबांना दिसत होतं.

हकिगत काकूंनीच सांगितली. त्या अतिशय खुशीत होत्या. "आज मास्तरीणबायनी बिरेक बंद करून शिकवला. उतारावर आलो तं माझा पाय खाली गेला तो गेलाच. मी बोलले, बाय, बिरेक लागत नाय गो. तं ही बोलते कशी, आज ब्रेक नाही असं धरून चालवायचं, काकू, आजचा धडा तोच आहे. मंग बोलली तिसरा गेर टाक. टाकला. आता दुसरा. टाकला. गाडी वरडली पण सावकास झाली. मंग हातातला बिरेक हलू हलू वर वडायला लावला आणि वाळूत घाल बोलली. घातली."

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कशाची? आमचे होडीला कंदी बिरेक होता गो? बापाच्या संगती खाडीत जायाची मी. थांबवायची म्हंजे चिखलात घालायची." त्यांनी माझ्या हातात भाकरी ठेवली. "हिचा धडा बाकी झ्याक होता. दुसरे ठिकाणी असा कोन शिकवतो?"

आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही छान चालवलीत, काकू." खरी गोष्ट तिनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितली. तिचा स्वतःचा पायही तिच्या बाजूच्या ब्रेकवर आपटत होता आणि तोही तळाला टेकत होता. उताराच्या शेवटी मोठा रस्ता होता, त्यावर टँकर. तिला ओरडायचं होतं. पण ओरडलं असतं तर काकूंनी स्टिअरिंग सोडलं असतं. म्हणून तिनं धडा बनवला.

काकू आमच्याच रिक्षानं घरी गेल्या. त्या नजरेआड झाल्यावर बाबा म्हणाले, "कुंदा, मी गाडी नेली होती. त्या रविवारी."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"सोमवारी सकाळी स्टिअरिंगवर बसले तर आरशात मला फक्त छत दिसत होतं. माझ्याकडे शिकणारी एकही बाई तुमच्या उंचीची नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिनं हातातला तुकडा फडक्यात ठेवला. "खाली लागलंय हे नव्हतं माहीत. ते माहीत असतं तर नसते थांबले. अहो, ती बाई माझ्या भरवशावर बसली होती."

बाबा खाली बसले. त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. आईनं पदराचं टोक पाण्यानं ओलं करून त्यावर दाबलं, जरा जास्तच जोरात. बाबा म्हणाले, "मला वाटलं, तुला सांगितलं तर तू गाडी माझ्याकडून काढून घेशील. तपासायचं पण." आईचा हात थांबला. असं काहीतरी असेल हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. सगळं ओळखणाऱ्या माणसाच्या हातूनही नेमकी जवळची गोष्ट सुटते.

पुढचं वाचून हसू येईल, पण झालं ते असं. मोकलकाकूंनी गावभर सांगितलं की या बाई बिनब्रेकची गाडी थांबवायला शिकवतात. त्यांच्या नात्यातल्या बायका आल्या, मग बाकीच्या आल्या, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न, "तो ब्रेक नसलेला धडा कधी घेणार?" आईला तो धडा खरोखरच सुरू करावा लागला; चांगल्या ब्रेकच्या गाडीत, मोकळ्या सपाट रस्त्यावर, ब्रेकवर पाय न ठेवता गियरवर गाडी कशी हळू करायची ते ती शिकवू लागली. आमचा क्लास नावारूपाला आला तो ब्रेकच्या एका फुटक्या नळीमुळे. बाबांच्या कंपनीच्या जागी आज उंच इमारती आहेत, खाली पोहण्याचा तलाव आहे. तिथून जाताना मला दर वेळी त्या दगडाची आठवण येते. मोतीची माफी बाबांनी मागितली. दामले म्हणाले, "त्याला ऐकू येत नाही, पण मी सांगतो."

मामानं नवी नळी पाठवली, मिस्त्रीनं बसवली, इंजिनाचा तळही बदलला. रविवारी सकाळी आई म्हणाली, "चला, गाडीखाली." बाबांना वाटलं चेष्टा करतेय. पण तिनं बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, माझी जुनी सलवार घातली, मिस्त्रीकडून आणलेल्या दोन लोखंडी उतारांवर पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, आणि चादर पसरून सरळ आत सरकली. आतून तिचा आवाज आला, "येताय ना?" बाबा इस्त्रीच्या शर्टाकडे बघत जरा उभे राहिले. मग शर्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि बनियनवर आत गेले.

बिल्डिंगमधले लोक थांबून थांबून बघत होते. गाडीखालून चार पाय बाहेर आलेले. आतून आजोबांचे शब्द आईच्या आवाजात येत होते, "हे ऑइलचं. हे काळं. ही नळी बघा, ही पेट्रोलची, वास येतोच. आणि ही बारीक आहे ना, पार मागेपर्यंत गेलेली, ही ब्रेकची. हिला बोट लावून बघायचं रोज. ओली लागली की गाडी हलवायची नाही, मग मी कितीही घाईत असले तरी."

"तू ऐकशील माझं?" बाबांचा आवाज.

"तुम्ही सांगाल का?"

मग बाबा काहीतरी पुटपुटले, ते मला कळलं नाही, आणि आई हसली. मग बाबाही हसले. गाडीच्या पोटाखाली हसणं घुमून मोठं झालं आणि वरच्या दामल्यांची पेटी थांबली. मी शर्ट आणि बांगड्या धरून तशीच उभी होते. थोड्या वेळानं गाडीखालून एक हात बाहेर आला, तळव्यापासून कोपरापर्यंत काळाभोर, आणि बोटं उघडझाप करून चिंधी मागू लागला. मी चिंधी दिली. हात कुणाचा होता ते मला ओळखता आलं नाही.